मूळ संख्या आणि साळवे मॅडमची सही

"सही खरी आहे, एवढं एका ओळीत लिहून द्या. बाकीचं आम्ही बघतो," डॉ. बोरुडे म्हणाले.

ते नगरमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचे मेडिकल डायरेक्टर. हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. त्यांच्यासमोर टेबलावर एक छापील रिपोर्ट होता. त्याच्या खालच्या कोपऱ्यात हिरवी बरोबरची खूण आणि एक नाव होतं: डॉ. विमल साळवे, पॅथॉलॉजिस्ट.

मी म्हटलं, सही तपासल्याशिवाय मी एक ओळसुद्धा लिहीत नाही. ते म्हणाले, तपासा की. पण आमच्या सिस्टिमने तपासलीच आहे, ती हिरवी खूण त्याचीच आहे.

माझं काम थोडक्यात सांगते. मी बरीच वर्षं नगरच्या एका कॉलेजात गणित शिकवलं. नंतर सिक्युरिटी ऑडिटच्या कामाला लागले. एखाद्या संस्थेच्या कॉम्प्युटरवरची माहिती, नोंदी, सह्या किती भरवशाच्या आहेत हे तपासून लिहून द्यायचं. सावेडीत माझं छोटं ऑफिस आहे. पाटीवर नाझनीन शेख असं पूर्ण नाव आहे, पण सगळे शेख मॅडमच म्हणतात.

प्रकरण मृत्यूचं होतं. जामखेड तालुक्यातली मनीषा नावाची मुलगी बाळंतपणासाठी इथे आली होती. सिझर झालं, मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तिचा रक्तस्राव वाढला म्हणून रक्त चढवायचं ठरलं. रक्त चढवण्याआधी क्रॉसमॅच करतात. म्हणजे पेशंटचं रक्त आणि पिशवीतलं रक्त परीक्षानळीत एकत्र करून जुळतं का ते बघतात. त्या दिवशी लॅबमध्ये दोन बाळंतिणींचे नमुने होते आणि त्यांच्या लेबलांची अदलाबदल झाली. मनीषाचं म्हणून जे रक्त तपासलं गेलं ते तिचं नव्हतंच. रिपोर्ट आला बी पॉझिटिव्ह. तिचा गट होता ओ. पिशवी लागली, आणि संध्याकाळपर्यंत ती गेली.

लेबल चुकलं ही एक चूक. पण अशी चूक पकडण्यासाठीच पॅथॉलॉजिस्टची सही असते. मनीषाचा रक्तगट सातव्या महिन्यात याच हॉस्पिटलात तपासला होता. सही करताना स्क्रीनवर डाव्या बाजूला जुने रिपोर्ट दिसतात. ज्याने कुणी सही केली, त्याने डावीकडे एकदा नजर टाकली असती तरी ओ आणि बी हा फरक दिसला असता.

साळवे मॅडमचं म्हणणं होतं की ही सही त्यांनी केली नाही. त्या वेळी त्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला बसल्या होत्या. टेक्निशियन सुनीलचं म्हणणं होतं की त्याने रिपोर्ट सिस्टिममध्ये टाकला आणि थोड्या वेळाने सही झालेली दिसली. मॅडमनी ती कुठून केली ते त्याला माहीत नाही. हॉस्पिटलचं म्हणणं सरळ होतं. डॉक्टरांच्या मोबाईलवर सहीचं ॲप आहे. मॅडमनी चर्चमध्ये बसल्या-बसल्या, न बघता सही करून टाकली आणि आता नाकारताहेत. गणित खोटं बोलत नाही, असं बोरुडे मला दोनदा म्हणाले.

सही कुठल्या कॉम्प्युटरवरून झाली याची नोंद सिस्टिममध्ये असायला हवी होती. ती नव्हती. सर्व्हर मंद चालतो म्हणून ज्या कंपनीने हे सॉफ्टवेअर बसवलं, तिने ती सोय बंद ठेवली होती. नोंदीत फक्त वेळ आणि नाव होतं.

आता डिजिटल सही म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शाळेत आपण मूळ संख्या शिकतो. जिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय कुणीच भाग जात नाही, ती मूळ संख्या. पाच, सात, अकरा, एकोणनव्वद, सत्त्याण्णव. अशा दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं असतं. एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव, आठ हजार सहाशे तेहेतीस. सातवीतलं पोरगं करेल. पण मी नुसतं ८६३३ लिहून दिलं आणि विचारलं, हे कुणाकुणाच्या गुणाकाराने झालं, तर भागून भागून बघत बसावं लागतं. संख्या जेवढी मोठी तेवढा हा त्रास वाढत जातो. दोन्ही मूळ संख्या तीनशेपेक्षा जास्त अंकी असतील, तर आज जगातल्या कुठल्याच कॉम्प्युटरला तो गुणाकार परत फोडता येत नाही.

डिजिटल सही याच्यावर उभी आहे. प्रत्येक डॉक्टरच्या नावाने कॉम्प्युटर अशा दोन प्रचंड मूळ संख्या शोधतो. त्यांचा गुणाकार सगळ्यांना दाखवतो. त्या दोन संख्या मात्र लपवून ठेवतो, त्यांना आम्ही 'की' म्हणतो, म्हणजे किल्ली. ज्याच्याकडे किल्ली आहे तोच सही करू शकतो. सही खरी की खोटी हे गुणाकाराच्या मदतीने कुणालाही तपासता येतं. या हॉस्पिटलात सगळ्या डॉक्टरांच्या किल्ल्या सर्व्हरवर होत्या आणि प्रत्येकीवर त्या त्या डॉक्टरच्या सहा आकडी पिनचं कुलूप होतं.

मी रिपोर्टवरची सही माझ्या लॅपटॉपवर तपासली. सही बरोबर होती. साळवे मॅडमच्या किल्लीनेच केलेली होती. बोरुडेंना हवी होती ती ओळ मला तिथेच लिहून देता आली असती.

पण ज्या बाईवर ठपका येणार तिला भेटल्याशिवाय मी लिहीत नाही.

साळवे मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. माझ्या अम्मीच्या थायरॉइडचे रिपोर्ट त्यांच्याच सहीचे असायचे, त्यामुळे नाव ओळखीचं होतं, प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होते. त्यांना रजेवर पाठवलं होतं, पण चौकशीसाठी रोज यावं लागत होतं. लॅबच्या मागच्या खोलीत बसल्या होत्या, हातातली पर्स टेबलावर न ठेवता. मी विचारलं, तुम्ही ती सही केली का? त्या म्हणाल्या, नाही केली. मी विचारलं, मोबाईल कुठे होता? त्या म्हणाल्या, पर्समध्ये, बंद. चर्चमध्ये आम्ही बंद ठेवतो. मग मी विचारलं, पिन कुणाला माहीत आहे? त्या म्हणाल्या, "पिन माझा आहे."

मी वहीत टिपून घेतलं, पिन दुसऱ्या कुणाला माहीत नाही. त्यांचं वाक्य तसं नव्हतं, हे मला पुढे कळलं.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या की त्या मुलीचे वडील रोज येऊन व्हरांड्यात बसतात. मला त्यांच्यासमोरून जावं लागतं.

मी ऑफिसात आले आणि नेहमीच्या तपासण्या लावल्या. त्यातली एक तपासणी फार जुन्या गणिताची आहे. तिचं नाव सगळ्यांना माहीत आहे: मसावि. महत्तम साधारण विभाजक. दोन संख्यांना भाग जाणारी सगळ्यात मोठी संख्या.

मी म्हटलं की मोठा गुणाकार फोडता येत नाही. ते एकट्या गुणाकाराबद्दल खरं आहे. पण दोन गुणाकारांमध्ये एक मूळ संख्या सारखी निघाली, तर गोष्ट बदलते. पुन्हा लहान आकडे घेऊ. ८६३३ हा एकोणनव्वद आणि सत्त्याण्णवचा गुणाकार. ८९८९ हा एकोणनव्वद आणि एकशे एकचा. दोन्हीत एकोणनव्वद आहे, हे मला माहीत नाही असं समजा. मी नुसती वजाबाकी करते. ८९८९ मधून ८६३३ गेले, राहिले ३५६. आता ८६३३ ला ३५६ ने भागते. बाकी उरते ८९. आणि ३५६ ला ८९ ने पूर्ण भाग जातो. झालं. दोन्हींतली सारखी संख्या हातात आली, आणि तिने गुणाकाराला भागलं की दुसरीही, म्हणजे पिन नसतानाही पूर्ण किल्ली. काही फोडावं लागलं नाही. भागत जायचं आणि बाकी बघायची. तीनशे अंकी संख्यांनाही हीच रीत लागू पडते, आणि साध्या लॅपटॉपला एक क्षण पुरतो.

अर्थात, दोघांच्या गुणाकारात एकच मूळ संख्या यायला नको. मूळ संख्या मोठ्या होत जातात तशा विरळ होतात हे खरं. पण त्या आकारालाही साधारण दर सातशे संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते. तीनशे अंकी संख्या किती आहेत याचा विचार केला, तर पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला रोज नव्या वाटल्या तरी संपायच्या नाहीत. नीट चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तर दोन डॉक्टरांच्या वाट्याला एकच संख्या येणं केवळ अशक्य. म्हणून ही तपासणी बहुतेक वेळा कोरडी जाते. सगळीकडे मसावि एक येतो, म्हणजे सारखं काही नाही.

हॉस्पिटलातल्या सगळ्या डॉक्टरांचे गुणाकार मी जोडी-जोडीने लावले. सुरुवातीच्या जोड्यांना एक आला. मग एका जोडीला स्क्रीनभर आकडे आले.

मी खुर्ची मागे सरकवली. आधी वाटलं, एकच फाइल दोनदा घातली गेली असेल. तपासलं. तसं नव्हतं. तीनशेवर अंकांची ती संख्या मूळ आहे का तेही तपासलं. होती. साळवे मॅडमचा गुणाकार आणि भूलतज्ज्ञ डॉक्टरांचा गुणाकार, दोन्हींत ती बसलेली होती. पुढे आणखी जोड्या निघाल्या. त्यात खुद्द डॉ. बोरुडेंचं नाव होतं.

मी सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. किल्ल्या कशा बनवल्या ते विचारलं. तो म्हणाला, सगळ्या एकाच दिवशी, नव्या कोऱ्या सर्व्हरवर. मध्ये काही अडचण आली होती का? आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, सॉफ्टवेअर हँग होत होतं, म्हणून प्रत्येक डॉक्टरच्या वेळी सर्व्हर रीस्टार्ट करावा लागला.

मला उत्तर मिळालं. कॉम्प्युटरला स्वतःहून चिठ्ठी टाकता येत नाही. कुणी कधी बटण दाबलं, नेटवर्कवरून काय आलं-गेलं, अशा बाहेरच्या हालचालींतून तो अनिश्चितता गोळा करतो आणि त्यावरून संख्या निवडतो. नुकत्याच चालू झालेल्या सर्व्हरपाशी यातलं काहीच नसतं. दर वेळी तो त्याच कोऱ्या अवस्थेतून उठत होता आणि कित्येकदा तीच पहिली मूळ संख्या उचलत होता. दुसरी संख्या शोधेपर्यंत थोड्या हालचाली झालेल्या असत, म्हणून ती वेगळी निघे. गुणाकार वेगळे दिसत, म्हणून कुणाला शंका आली नाही.

मी बोरुडेंना सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, कागदावर असेल हे. प्रत्यक्षात कुणी करू शकतं का? मी म्हटलं, मी करून दाखवते, पण तुमची लेखी परवानगी लागेल, कारण तुमच्याच नावाने सही करणार आहे. ते हसले. माझी सही माझ्या पिनशिवाय होत नाही, म्हणाले, आणि परवानगीवर पेनाने सही करून दिली.

चौकशी समितीची बैठक हॉस्पिटलच्या हॉलमध्ये होती. अध्यक्ष म्हणून ट्रस्टवरचे एक निवृत्त न्यायाधीश होते. बोरुडे होते, साळवे मॅडम होत्या, सुनील होता. मनीषाच्या वडिलांनाही बोलावलं होतं, तसा त्यांनी हट्टच धरला होता. त्यांचं नाव भानुदास. जामखेडला बाजारतळापाशी त्यांचं टेलरिंगचं दुकान. पहाटेच्या एसटीने आले होते. पांढरा शर्ट, टोपी मांडीवर. कुणी चहा दिला तो त्यांनी तसाच राहू दिला.

मी फळ्यावर ८६३३ आणि ८९८९ लिहिले आणि वजाबाकी करून दाखवली. अध्यक्षांनी एकदा थांबवून ती स्वतः कागदावर केली. मग मी लॅपटॉप लावला. त्यात एक फाइल होती, एका वाक्याची: हा कागद मी पाहिलेला नाही. खाली हिरवी खूण आणि डॉ. बोरुडेंचं नाव. ती फाइल मी हॉस्पिटलच्याच सिस्टिमवर टाकली. सिस्टिमने सही खरी असल्याचं सांगितलं.

बोरुडे उठून स्क्रीनजवळ आले. त्यांनी वाक्य वाचलं, नाव वाचलं. त्यांचा पिन मला माहीत नव्हता आणि त्यांच्या मोबाईलला मी हात लावला नव्हता. ते परत जाऊन बसले.

अध्यक्षांनी विचारलं, म्हणजे साळवे डॉक्टरांच्या नावाची सही दुसरं कुणीही करू शकलं असतं? मी म्हटलं, ज्याला हे गणित येतं आणि ज्याच्याकडे मूळ संख्या सारखी असलेल्या दोन डॉक्टरांचे गुणाकार आहेत, तो. त्यांनी विचारलं, कुणी केली? ते मला सांगता येत नाही. मग तशी झाली का? तेही सांगता येत नाही. होऊ शकते, एवढंच सांगते.

अध्यक्ष म्हणाले, मग या सहीला पुरावा म्हणता येणार नाही. त्यांनी लिहून घेण्यासाठी पेन उचललं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. एका निर्दोष बाईवरचा ठपका मी दूर केला असं मनात होतं. साळवे मॅडमकडे मी बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

तेवढ्यात भानुदासांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. अध्यक्षांनी बोला म्हटल्यावर ते उभे राहिले.

"म्याडम, तुमचं गणित मला समदं न्हाई कळलं. पर येवढं कळलं, का ह्या सईवर भरवसा न्हाई."

मी हो म्हटलं.

"मंग माज्या पोरीच्या कागदावर सई कुनाची हाय?"

मी म्हटलं, ते सांगता येणार नाही.

"म्हंजी कुनाचीच न्हाई," ते म्हणाले. "तिचं रगात कुनी बघितलंच न्हाई. आसंच ना?"

आवाज चढला नव्हता. ते विचारत होते, एवढंच. गणिताने एक बाजू पुसली होती, पण दुसरी बाजू काही लिहून दिली नव्हती. भानुदास खाली बसले.

साळवे मॅडम तेव्हा बोलल्या. बसूनच बोलल्या.

"सही माझीच आहे."

अध्यक्षांनी त्यांना विचार करून बोलायला सांगितलं. वकिलाशी बोलायचं असेल तर बैठक पुढे ढकलू, असंही म्हणाले. त्यांनी मानेने नको म्हटलं.

"किल्ली कुणी फोडली नाही. शेख मॅडम म्हणतात ते खरं असेल, फोडता येत असेल. पण फोडायची गरजच नव्हती. माझा पिन सुनीलकडे आहे. मीच दिलाय. रविवारी रिपोर्ट अडायला नको म्हणून."

सुनीलने मान खाली घातली. तो चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. चौकशी सुरू झाल्यापासून त्याने कुणाला हे सांगितलं नव्हतं. मॅडमनीही नव्हतं. दोघांनी ठरवून काही केलं नव्हतं. एकाने तोंड उघडलं की दुसरा बुडणार, हे दोघांना माहीत होतं.

बोरुडे म्हणाले, तुम्ही सही केली नाही असं लेखी दिलंय. मॅडम म्हणाल्या, खरंच दिलं होतं. मी केली नव्हतीच. मला जे विचारलं त्याचं खरं उत्तर मी देत होते आणि त्याच्या आधाराने रात्री झोपायचा प्रयत्न करत होते. आज तुम्ही मला सोडून देत होता. मग या मुलीच्या वडिलांनी विचारलं.

मग त्या भानुदासांकडे वळल्या.

"तुमच्या मुलीचा जुना रिपोर्ट शेजारीच होता. मी बघितलं असतं तर मला दिसलं असतं. बघणं माझं काम होतं. ते मी दुसऱ्याला देऊन टाकलं."

भानुदासांनी टोपी डोक्यावर घातली आणि अध्यक्षांना विचारलं, जाऊ का आता? घरी नात आहे, तिची आजी एकटी आहे.

बैठक तिथेच संपली. मी लॅपटॉप आवरून बाहेर आले, तर व्हरांड्यातल्या बाकावर भानुदास बसले होते आणि शेजारी थोडं अंतर सोडून साळवे मॅडम. ते काहीतरी विचारत होते आणि त्या सांगत होत्या. मी थांबले नाही. पुढे अध्यक्षांकडून कळलं की मनीषाला शेवटी शेवटी काय झालं, त्रास किती झाला, हे त्यांना विचारायचं होतं. तोवर कुणीच त्यांना ते नीट सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोरुडेंचा फोन आला. म्हणाले, तुमच्या त्या गणिताचा तसा काही उपयोग झाला नाही, तर रिपोर्टमध्ये ते घ्यायलाच हवं का? मी म्हटलं, घ्यावं लागेल. पिन दिला होता हे खरं आहे आणि किल्ल्या कच्च्या आहेत हेही खरं आहे. एकामुळे दुसरं खोटं होत नाही. उद्या तुमच्या नावाने कुणी मृत्यूचा दाखला काढला तर काय करणार? ते म्हणाले, घ्या.

माझ्या रिपोर्टमध्ये दोन्ही गोष्टी आल्या. हॉस्पिटलने सगळ्या किल्ल्या रद्द करून नव्या बनवल्या. या वेळी सर्व्हर आधी काही दिवस चालू ठेवला, मग बनवल्या. मी पुन्हा जोड्या लावल्या. सगळीकडे एक आला. कुठल्या कॉम्प्युटरवरून सही झाली याची नोंदही सुरू झाली. सर्व्हर थोडा मंद झाला, पण कुणी तक्रार केली नाही.

साळवे मॅडमचं प्रकरण मेडिकल कौन्सिलकडे गेलं. काही काळासाठी त्यांची नोंदणी थांबवली. मुदत संपल्यावरही त्या कामावर परतल्या नाहीत. सुनीलची नोकरी गेली. नुकसानभरपाईचं कोर्टात चालू आहे. भानुदास तारखेला येतात, एकदा मला कोर्टाच्या आवारात दिसले होते. नात चालायला लागली म्हणाले. त्याहून जास्त बोलणं झालं नाही.

बैठकीनंतर अध्यक्षांनी सगळ्या डॉक्टरांना एकत्र बोलावून विचारलं होतं की आणखी कुणी पिन दिलेला आहे का? मी तिथे होते. कुणाचाही हात वर झाला नाही. नव्या किल्ल्या बनण्याआधीच, त्या आठवड्यात सर्व्हरवर किती पिन बदलले गेले ते मी बघितलं. जवळजवळ सगळे.

पूर्वी ऑडिटला गेले की मी पहिल्यांदा विचारायचे, तुमच्या किल्लीतल्या मूळ संख्या किती अंकी आहेत? लोकांना तो प्रश्न आवडतो. मोठा आकडा सांगता येतो. अजूनही विचारते, पण तो आता दुसरा प्रश्न आहे. आधी विचारते, तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा तुमची सही कोण करतं? त्याचं उत्तर यायला बहुतेक ठिकाणी वेळ लागतो.